'रणांगण' आणि 'शेजारी' : विश्राम बेडेकर यांच्या लेखनाचे दोन तट

मराठी कादंबरीच्या इतिहासात विश्राम बेडेकर यांचा उल्लेख 'रणांगण'चे कर्ते म्हणून होतो आणि बहुधा लगेच पुढच्याच वाक्यात एक हळहळ व्यक्त होते. एवढी समर्थ कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाने दुसरी कादंबरी लिहिली नाही. चित्रपटसृष्टीने त्याला आपल्याकडे ओढून नेले आणि मराठी कादंबरी एका मोठ्या लेखकाला मुकली, असा त्या हळहळीचा आशय असतो. पदव्युत्तर परीक्षेतील उत्तरपत्रिकांतूनही हे विधान सिद्ध वस्तुस्थितीसारखे येते. या विधानामागे एक गृहीतक आहे. लेखकाचे कादंबरीलेखन हे त्याचे वाङ्मय आणि चित्रपटासाठी केलेले लेखन हा त्याचा चरितार्थ, अशी ती विभागणी. ती स्वीकारली की बेडेकरांचे निम्मेअधिक काम आपोआप अभ्यासाबाहेर पडते आणि मग उरलेल्या एका पुस्तकाचा अर्थही आपण अपुरा लावतो. 'रणांगण' (१९३९) ही कादंबरी आणि बेडेकरांनी लिहिलेला, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला 'शेजारी' (१९४१) हा प्रभात फिल्म कंपनीचा चित्रपट एकत्र वाचल्यास त्यांच्या प्रतिभेचे मूळ आस्थाकेंद्र अधिक स्पष्ट दिसते, असे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

प्रथम चरित्रातील काही तपशील ध्यानात घेतले पाहिजेत. विश्वनाथ चिंतामण ऊर्फ विश्राम बेडेकर यांचा जन्म १३ ऑगस्ट १९०६ रोजी अमरावती येथे झाला. त्यांचे पहिले नाटक 'ब्रह्मकुमारी' (१९३३) हे मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ मध्ये उभ्या केलेल्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. बोलपटाच्या आगमनाने संगीत नाटकाचा प्रेक्षक वेगाने ओसरत होता. मंडळीने सांगलीत चित्रपट काढण्याचे धाडस केले आणि 'कृष्णार्जुनयुद्ध' (१९३४) हा बोलपट तयार झाला. त्याच्या दिग्दर्शनात कोल्हटकरांबरोबर बेडेकर होते. गडकऱ्यांच्या विनोदी लेखनावर आधारलेला 'ठकीचे लग्न' १९३५ चा. म्हणजे कादंबरी लिहिण्यापूर्वीच बेडेकर दिग्दर्शक झालेले होते. प्रथम कादंबरीकार आणि मग चित्रपटाच्या मोहात सापडलेला लेखक, हा क्रमच मुळात उलटा आहे. चित्रपटकलेच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि महायुद्धाच्या तोंडावर, युरोपातून जीव वाचवून निघालेल्या माणसांनी भरलेल्या समुद्रमार्गाने परतले. त्या प्रवासातून 'रणांगण' आली. चित्रपट शिकायला गेलेला माणूस कादंबरी घेऊन आला, असेही म्हणता येईल.

नंतरची कारकीर्द 'पहिला पाळणा' (१९४२), 'पैसा बोलतो आहे' (१९४३), गजानन जागीरदार व राजा नेने यांच्यासह दिग्दर्शनाचे श्रेय असलेला 'रामशास्त्री' (१९४४), 'लाखाराणी' (१९४५), 'वासुदेव बळवंत' (१९५०) आणि हिंदीतील 'रुस्तुम सोहराब' (१९६३) अशी सांगता येते. 'अमर भूपाळी'च्या (१९५१) लेखनातही त्यांचा वाटा होता. या सर्वच चित्रपटांना सारखे महत्त्व देण्याचे कारण नाही. त्यांतील काही निव्वळ व्यवसायाचे आहेत आणि तसे म्हणायला संकोच वाटू नये.

येथे एका इटालियन समकालीनाची आठवण होते. मारिओ सोल्दाती यांचा जन्मही १९०६ चाच, तुरिन शहरातला; मृत्यू १९९९ चा, म्हणजे बेडेकरांच्या मृत्यूनंतर (३० ऑक्टोबर १९९८) अवघ्या काही महिन्यांनी. सोल्दातीही तरुणपणी परदेशी गेले, अमेरिकेत राहून आले आणि त्या वास्तव्यावर 'अमेरिका प्रिमो अमोरे' (१९३५) हे पुस्तक लिहिले. उपजीविकेसाठी पटकथा लिहीत लिहीत ते दिग्दर्शक झाले. 'शेजारी' ज्या वर्षी पडद्यावर आला त्याच १९४१ साली सोल्दातींचा 'पिक्कोलो मोंदो आंतिको' हा फोगाझ्झारोंच्या कादंबरीवरील चित्रपट आला. पुढे 'ले लेत्तेरे दा काप्री' या कादंबरीला १९५४ मध्ये इटलीतील प्रतिष्ठेचा स्त्रेगा पुरस्कार मिळाला, तेव्हाही ते चित्रपट दिग्दर्शित करीतच होते. दोघांच्या प्रकृतीत फरक पुष्कळ आहेत. सोल्दाती कथा-कादंबऱ्या सातत्याने लिहीत राहिले, बेडेकरांनी एकच लिहिली. परंतु सोल्दातींसारख्या लेखकाचा विचार करताना दोन्ही माध्यमे समोर ठेवावीच लागतात, तशी ती बेडेकरांच्या बाबतीत आपण ठेवत नाही, एवढेच येथे सुचवायचे आहे. चित्रपट हे वाङ्मयाच्या दारातले पायपुसणे आहे, अशी समजूत आपल्या विद्यापीठीय अभ्यासात दीर्घकाळ टिकून राहिली आहे.

आता 'रणांगण'कडे वळू. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तीवरून मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस हा तरुण आणि नात्झी जर्मनीतून बाहेर पडावे लागलेली हॅर्टा ही ज्यू तरुणी यांची ही कहाणी. तिचे कथानक दोन वाक्यांत सांगता येते. तिची ताकद मात्र बोट या रचनेत आहे. बोटीवरच्या माणसांना मागे परतता येत नाही आणि पुढे जायला जागा नाही. प्रत्येक बंदर हे मुक्कामाचे ठिकाण नसून परवान्याची परीक्षा आहे. ऐतिहासिक वस्तुस्थिती अशी की, १९३८-३९ मध्ये युरोपातील ज्यूंना व्हिसाशिवाय उतरता येईल असे जगात जवळजवळ एकच मोठे शहर उरले होते, ते म्हणजे शांघाय. जेनोआ आणि त्रिएस्ते या इटालियन बंदरांतून सुटणाऱ्या बोटी सुवेझ, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग अशा मार्गाने तेथे जात. अशा रीतीने १५ हजारांहून अधिक निर्वासित शांघायला पोचले. मुंबई त्या मार्गावरचे एक बंदर होते. मुंबईला बोट लागे, माल उतरे, ज्यांच्याकडे कागद होते ती माणसे उतरत. उरलेल्यांनी कठड्याशी उभे राहून शहर पाहायचे. मराठी वाचकाचे मुंबई हे घर. त्याच घराचा धक्का हॅर्टाच्या दृष्टीने बंद दरवाजा असतो. मराठी कादंबरीने मुंबईकडे समुद्रावरून, उतरू न दिलेल्या माणसाच्या नजरेने पाहण्याचा हा प्रसंग आहे आणि त्याचे महत्त्व प्रेमकथेच्या हळव्या वाचनात हरवून जाते.

चक्रधर उतरतो. कादंबरीचा नैतिक पेच या साध्या क्रियापदात आहे. त्याच्यापाशी पारपत्र आहे, देश आहे. तो देश पारतंत्र्यात असला तरी त्याला उतरवून घेतो. पारतंत्र्यातल्या देशाचा प्रजाजन हा देशच नाकारल्या गेलेल्या स्त्रीपेक्षा सुस्थितीत आहे, ही जाणीव १९३९ च्या मराठी वाङ्मयात सहजासहजी सापडणारी नाही. उमाबरोबरच्या जुन्या प्रेमभंगाचा सूड तो नकळत हॅर्टाच्या प्रेमावर उगवतो की काय, असा मानसशास्त्रीय प्रश्न समीक्षेत नेहमी विचारला जातो. तो रास्तही आहे. परंतु चक्रधरचे मन कितीही निर्मळ असते तरी मुंबईच्या धक्क्यावर हॅर्टाला उतरता आले नसते, हे त्या चर्चेत विसरले जाते. व्यक्तीच्या अपराधाहून परवान्याचा कागद येथे बलवान आहे.

या कादंबरीची घडण चित्रपटीय आहे असे विधान अनेकदा सैलपणे केले जाते. छोटी वाक्ये, त्वरित प्रसंगांतर, संवादांचे प्राबल्य ही लक्षणे सांगून ते आटोपते. ही लक्षणे नाटकातूनही आलेली असू शकतील. बेडेकर नाटककार होतेच. चित्रपटाचा खरा संस्कार मला दुसरीकडे दिसतो. काय दाखवायचे यापेक्षा कोणाला कुठून पाहू द्यायचे, या प्रश्नाचा विचार ही कादंबरी सतत करते. मुंबईनंतर ती हॅर्टाच्या पत्रांच्या हाती जाते. चक्रधर किनाऱ्यावर, पत्रे समुद्रावरून; हॅर्टाच्या मृत्यूची वार्ताही त्याला दुरूनच कळते. ज्या क्षणी नायिकेचे दुःख सर्वाधिक होते त्या क्षणी लेखक आपल्याला तिच्यापासून दूर, सुरक्षित जागी उभे करतो. कॅमेरा किनाऱ्यावर ठेवून बोट जाऊ द्यावी, तसे हे आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९८५ चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभलेल्या आत्मचरित्राला त्यांनी 'एक झाड आणि दोन पक्षी' हे नाव दिले, ते मुंडकोपनिषदातील रूपकावरून. एक पक्षी फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. उपनिषदात तो पाहणारा पक्षी मुक्त आहे. 'रणांगण'मध्ये मात्र पाहणे हेच दोषास्पद ठरते.

'शेजारी'ची कथा सर्वसाधारणपणे हिंदू-मुस्लिम ऐक्याची कथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. जिवा पाटील (केशवराव दाते) आणि मिर्झा (गजानन जागीरदार) हे एका गावातले जिवलग शेजारी. चित्रपट १९४१ चा. त्याच्या आदल्याच वर्षी लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झालेला. तेव्हा प्रभातने हा विषय का निवडला असेल हे सांगायला नको. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत हिंदू शेजाऱ्याची भूमिका मझहर खान या मुसलमान नटाला आणि मुसलमान शेजाऱ्याची जागीरदारांना दिली होती, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. पण या दोन मित्रांमध्ये बिब्बा का घातला जातो? धर्मावरून नव्हे. ओंकार नावाच्या भांडवलदाराला तेथे धरण बांधायचे आहे, त्यासाठी गाव हलवायला हवे आणि दोन प्रतिष्ठित घरे एकजुटीने उभी असेपर्यंत गाव हलत नाही. म्हणून फूट. शेवटी धरण फुटते आणि त्या प्रलयात दोघे म्हातारे हातात हात घेऊन मरतात. जातीय वैर हे येथे कारण नसून साधन आहे. कारण जमीन आहे. चित्रपटाच्या इतिहासात धरण फुटण्याच्या दृश्याचे तांत्रिक कौतुक पुष्कळ झाले, धरणाच्या अर्थाकडे मात्र त्या मानाने कमी पाहिले गेले.

पुण्याच्या प्रेक्षकाला धरण म्हणजे काय हे १९४१ मध्ये समजावून सांगावे लागत नव्हते. मुळशीचा सत्याग्रह वीसच वर्षांपूर्वीचा, एप्रिल १९२१ मध्ये सुरू झालेला. टाटा कंपनीच्या विजेसाठी मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली लढलेला तो सत्याग्रह हरला, धरण झाले आणि मुंबईला वीज मिळाली. 'शेजारी'तील धरणाला मुळशीचा आधार होता असे ठाम विधान करण्याची गरज नाही. परंतु पुण्यातील स्टुडिओत बसून धरणाने उठणाऱ्या गावाची कथा रचली जाते, तेव्हा लेखकाच्या आणि प्रेक्षकाच्या स्मरणात मुळशी नसेल हे संभवत नाही.

आमच्या भागातील वाचकाला येथे आणखी एक गाव आठवते. नर्मदेच्या काठचे, अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली. त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील (नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला) हे गाव सरदार सरोवराच्या बुडिताच्या वाटेवरील महाराष्ट्रातील पहिले. या जलाशयाने महाराष्ट्रातील एकूण ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीत १९९० नंतरच्या पावसाळ्यांत लोकांनी वाढत्या पाण्यासमोर घरे न सोडण्याचा सत्याग्रह केला. जागतिक बँकेने १९९३ मध्ये या प्रकल्पाच्या कर्जातून अंग काढून घेतले, आणि १९९४ मध्ये मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये असे सांगणारे जे जागतिक निवेदन निघाले ते मणिबेलीच्या नावाने ओळखले जाते. धरण थांबले नाही. २०१७ मध्ये ते पूर्ण उंचीने, १३८.६८ मीटर, उभे राहिले. मणिबेलीची काही कुटुंबे गुजरातेत वसली, काही डोंगरावर वर सरकली.

हा उल्लेख केवळ स्थानिक अभिमानाने केलेला नाही. सातपुड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना 'रणांगण' शिकवताना नात्झी जर्मनी, ज्यू, शांघाय ही सारी नावे फळ्यावर लिहून समजावून द्यावी लागतात. त्यांतील ज्यांच्या घरी पुनर्वसनाचे कागद आहेत, त्यांना हॅर्टाची मूळ स्थिती समजावून द्यावी लागत नाही. आपण या जागेचे आहोत हे कोणा तिऱ्हाईताच्या सही-शिक्क्याने सिद्ध करावे लागणे, यादीत नाव असणे वा नसणे, 'घोषित' आणि 'अघोषित' यांतला फरक, हे त्यांचे रोजचे शब्द आहेत. दोन्ही दुःखांची तुलना करू नये; वंशसंहार आणि विस्थापन यांना एका मापाने मोजणे गैर आहे. परंतु कागदाने माणसाला जागा नाकारण्याची जी रीत आहे ती दोन्हीकडे एकाच घराण्याची आहे आणि बेडेकरांनी ती १९३९ आणि १९४१ अशा दोन वर्षांत दोन माध्यमांतून पाहिली. बोटीवरचा उतरू न दिलेला माणूस आणि गावातून उठवला जाणारा माणूस हे त्यांच्या लेखनाचे दोन तट आहेत.

या संदर्भात त्यांच्या घरातील दुसऱ्या लेखणीचीही दखल घ्यायला हवी. मालतीबाई बेडेकर, म्हणजे 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर. १९३८ मध्ये त्यांचा विश्रामरावांशी विवाह झाला. त्याच सुमारास त्या सोलापूरला, तथाकथित गुन्हेगार जमातींसाठी सरकारने उभारलेल्या तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत काम करीत होत्या. त्या अनुभवातून 'बळी' (१९५०) आली. जन्माने गुन्हेगार ठरवले गेलेले लोक, हजेरी, परवाना, कुंपण. एकाने बोट पाहिली, दुसरीने कुंपण. या दोन कादंबऱ्यांचा एकत्र अभ्यास हा एखाद्या एम.फिल.च्या प्रबंधिकेचा चांगला विषय झाला असता. पीएच.डी.साठी तो आजही खुला आहे.

'रणांगण' आणि 'शेजारी' यांत एक मोठा फरक आहे आणि तो 'शेजारी'च्या बाजूने नाही. चित्रपटात ओंकार आहे. कादंबरीत ओंकार नाही. हॅर्टाच्या बोटीवर कोणी दुष्ट माणूस उभा नाही. खलाशी आपले काम करतात, अधिकारी नियम सांगतात, सहप्रवासी कधी दयाळू असतात, कधी कंटाळलेले. हॅर्टाचा बळी घेणारी सत्ता बोटीवर प्रत्यक्ष दिसतच नाही, आणि म्हणून ती सर्वत्र आहे. उलट 'शेजारी'त अन्यायाला चेहरा मिळतो, त्या चेहऱ्यावर प्रेक्षकाचा संताप साठतो आणि धरण फुटताच तो वाहून जातो. धरण फुटणे ही या कथेतील सर्वांत मोठी सवलत आहे. मुळशीचे धरण फुटले नाही, नर्मदेचे फुटले नाही. पडद्यावरच्या गावाला जे प्रलयंकर समाधान मिळते ते खऱ्या गावांच्या वाट्याला येत नाही. त्यांच्या वाट्याला हळूहळू चढणारे पाणी येते. कादंबरीतील बोट हे त्या चढत्या पाण्याच्या अधिक जवळचे रूपक आहे.

याचा दोष कोणाकडे, हा प्रश्न सोपा नाही. चित्रपट ही एकट्याची निर्मिती नसते. 'शेजारी'च्या भव्य अखेरीत शांतारामांची दृष्टी किती आणि बेडेकरांची लेखणी किती, हे आज वेगळे करता येणार नाही. पटकथेकडे पाहताना कर्तृत्वाची कल्पना थोडी सैल करावीच लागते. शिवाय चित्रपटाने असे काही साधले जे 'रणांगण'ला साधता आले नाही: गाव. कादंबरीत विस्थापित होते ती व्यक्ती. बोटीवरील इतर ज्यू निर्वासित पार्श्वभूमीला राहतात. चित्रपटात चावडी आहे, घरे आहेत, दोन कुटुंबांच्या येण्याजाण्याची वाट आहे, आणि उठवली जाते ती या सर्वांची मिळून झालेली गोष्ट. विस्थापन ही सामूहिक घटना असते हे दाखवायला बेडेकरांना पडदाच लागला.

दिग्दर्शक म्हणून केलेल्या कामातही हाच धागा तुरळकपणे दिसतो. 'वासुदेव बळवंत'चा विषय त्यांनी निवडला, तो फडके १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात, मायभूमीपासून समुद्रापलीकडे मरण पावले होते. परंतु या धाग्याचा आग्रह धरून प्रत्येक चित्रपटात विस्थापन शोधू लागलो तर हाती काही लागणार नाही. 'पैसा बोलतो आहे' हा विनोदी चित्रपट विनोदीच राहू द्यावा.

अधिक फलदायी ठरते ती 'शेजारी'कडून 'टिळक आणि आगरकर' (१९८०) या नाटकाकडे जाणारी वाट. तेथेही दोन जिवलग आहेत आणि त्यांची ताटातूट आहे. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढलेले हे दोघे, १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडेपर्यंत एकमेकांचे प्रतिपक्षी झालेले होते. आगरकर १८९५ मध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. जिवा आणि मिर्झा यांच्यात ओंकार येतो. टिळक आणि आगरकर यांच्यात कोण आले? चाळीस वर्षांनंतर त्याच रचनेकडे परतताना बेडेकरांनी मधल्या खलनायकाची जागा रिकामी ठेवली. दोघांचीही बाजू खरी, दोघांचाही हट्ट खरा, आणि तरीही मैत्री तुटते. 'रणांगण'मध्ये जी दृष्टी होती ती येथे नाटकाच्या मार्गाने पुन्हा आलेली दिसते. पडद्यासाठी लिहिताना मधे ओंकार लागला होता.

बेडेकरांच्या या तीन कृती आपण तीन वेगळ्या प्रश्नपत्रिकांत विखुरून टाकल्या आहेत: कादंबरी आधुनिक गद्याच्या पेपरात, नाटक नाट्यवाङ्मयाच्या पेपरात आणि चित्रपट कोठेच नाही. 'विशेष लेखकाचा अभ्यास' या पेपरासाठी बेडेकरांची निवड करणाऱ्या विभागांनी निदान 'शेजारी' वर्गात दाखवावा. आता तो पाहायला मिळणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. दाखवताना तो 'रणांगण'च्या आधी दाखवावा की नंतर, याविषयी मतभेद होतील. माझ्या अनुभवात नंतर दाखवलेला बरा. बोट वाचून झाल्यावर विद्यार्थी धरणाच्या भिंतीकडे वेगळ्या नजरेने पाहतात आणि ओंकार पडद्यावर आला की त्यांच्यातलाच कोणीतरी विचारतो, हा माणूस नसता तर गाव वाचले असते का?